मीठ-साखरेच्या पाण्यातील साखर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत जुलाब सुरू झाले की आजही प्रथम मीठ-साखरेचे पाणी दिले जाते. मात्र त्यातील साखर केवळ अंगात शक्ती यावी म्हणून असते, हा समज माझ्या बारावीच्या विद्यार्थ्यांतही आढळतो.

पेशीपटल मेदाच्या दुहेरी थराचे असल्यामुळे ऑक्सिजनसारखे रेणू त्यातून सहज पार होतात, परंतु मिठातील विद्युतभारित सोडियमला किंवा पाण्यात विरघळणाऱ्या ग्लुकोजला तशी वाट मिळत नाही. लहान आतड्याच्या पेशींवरील ‘एसजीएलटी-१’ हे वाहक प्रथिन सोडियमचे दोन आयन आणि साखरेपासून सुटलेल्या ग्लुकोजचा एक रेणू एकत्र स्वीकारते, स्वतःचा आकार बदलते आणि त्यांना आत सोडते. पाठोपाठ पाणीही शोषले जाते. पटकीतही (कॉलरा) ही यंत्रणा बव्हंशी शाबूत राहते, आणि माझ्या मते या स्वस्त उपचाराचे खरे बळ तेथेच आहे.

सोडियमची ही आतली ओढ टिकते ती पेशीच्या रक्ताकडील बाजूच्या पंपामुळे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू खर्चून तो तीन सोडियम बाहेर काढतो व दोन पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन केले. नोबेल मात्र १९९७ मध्ये मिळाले!

साखर प्रमाणाबाहेर झाल्यास पाणी उलट आतड्यातच ओढले जाते आणि जुलाब वाढतात. त्यामुळे अंदाजाने चमचे घालण्यापेक्षा ओआरएसची पुडी, तीही तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, वापरावी.