दोन क्रेफिश, एक टाकी आणि 'सवय होतली'

दुकानदाराचं 'सवय होतली' आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. दोन निळे क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले शेवंडासारखे दिसणारे प्राणी, त्याने मला 'जोडी' म्हणून विकले. दोन फुटी टाकी, फिल्टर, रेती सगळं घरी होतंच, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दिवसभर दोघेही आपापल्या कोपऱ्यात गप्प होते. रात्री दिवे मालवले आणि तमाशा सुरू झाला.

दोघांतल्या मोठ्याने टाकीतला कौलाचा तुकडा बळकावला होता. धाकटा नुसता तिकडे वळला तरी हा बाहेर येऊन दोन्ही डेंगे (नांग्या) फाकवून उभा, आणि लांब मिशांचे फटके समोरच्याच्या तोंडावर. धाकटा शेपटी आपटत मागच्या मागे सटकायचा आणि काचेवर आदळायचा. मी दुकानात फोन केला. "काय होवचा नाय, सवय होतली."

मग एका सकाळी धाकट्याचा उजवा डेंगा रेतीत पडलेला दिसला. मोठा तो निवांत कुरतडत बसला होता.

माझी भाची रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकते. व्हिडिओ कॉलवर तिने आधी दोघांना उलटं धरायला सांगितलं. डेंग्यांच्या मागून, कवचाच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायचं. कुर्ली धरणाऱ्याला हे शिकवायला नको. पोटाखाली पायांच्या मधोमध पुढे वळलेल्या टणक काड्या दिसल्या. दोघांनाही. "मामा, जोडी कसली? दोन्ही नर आहेत." आणि मादी असती तरी भांडणं टळली असती असं नाही, कारण जागेसाठी माद्याही भांडतात.

तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार पटली. क्रेफिशची लघवी तोंडाजवळून, मिशांच्या बुडापासून बाहेर पडते. भांडताना ती समोरच्याच्या दिशेने सोडतात आणि त्या वासावरून कोण वरचढ ते एकमेकांना कळतं. ओढ्यात हरलेला निघून जातो, विषय संपतो. काचेच्या टाकीत तो जाणार कुठे? तो आपल्या हद्दीतच आहे असं जिंकलेल्याला वाटत राहतं आणि मार चालूच राहतो. एकदा हरलेला पुढच्या वेळीही बहुधा हरतोच. सवय होते ती ही.

धाकटा परत द्यायला गेलो, तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दाखवण्यात आली. वर सल्ला: "नको तर व्हाळात सोडा." म्हणजे ओढ्यात. इथे मात्र मी भडकलो. भारतात मूळची क्रेफिशची एकही जात नाही. स्पेनमध्ये १९७३ साली अमेरिकेतल्या लुईझियानातून लाल क्रेफिश मुद्दाम आणले, ते भातशेतीत पसरले आणि त्यांनी बांध पोखरले. आमच्या व्हाळाला लागून काय आहे? भाताची खाचरंच. कुणी काही म्हणो, क्रेफिश व्हाळात, विहिरीत, तळ्यात सोडायचा नाही.

दुसरी टाकी आणली, धाकटा तिच्यात गेला. आता फक्त डेंगा यायचा होता. तुटलेला डेंगा परत येतो, पण कात, म्हणजे जुनं कवच, टाकल्यावरच. आणि हा कात टाकेना.

पाऊस लागला, लावणी झाली, नागपंचमी गेली. धाकटा पाईपच्या तुकड्यात बसून. कात टाकायच्या आधी ते खाणं सोडतात म्हणे, म्हणून त्याने गोळीला तोंड लावलं नाही की मला आनंद व्हायचा. दोन दिवसांनी तो पुन्हा खायला लागायचा आणि माझा विरस. काडीने ढोसून बघावंसं वाटतं; तसं अजिबात करू नका. एका मित्राने माशांचं औषध आणून दिलं. बाटलीवर बघितलं तर त्यात तांबं. माशांना चालणारं तांब्याचं औषध या जातीला विष असतं, तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय टाकीत थेंबही टाकू नका. पावसात वीज गेली की एअर पंप बंद, म्हणून बॅटरीवर चालणारा एक आणून ठेवा. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

शेवटी भाचीने विचारलं, "पाणी कुठलं?" विहिरीचं. आमची विहीर जांभ्यातली, पाणी इतकं मऊ की अंगावरचा साबण लवकर निघत नाही. पाणी तपासायची पट्टी आणून बुडवली. क्षार जवळजवळ नाहीतच. नवं कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं. कात टाकण्याआधी तो जुन्या कवचातलं थोडं कॅल्शियम पोटात दोन पांढऱ्या खड्यांमध्ये साठवतो, पण तेवढ्याने भागत नाही. बाकीचं पाण्यातून आणि खाण्यातून यावं लागतं. दुकानात यासाठी महागडी बाटली मिळते. मी तिसऱ्यांच्या शिंपा उकळून टाकल्या आणि किनाऱ्यावर वाहून आलेला समुद्रफेस (माकुलाच्या पाठीतलं पांढरं हाड) धुऊन त्याचा तुकडा ठेवला.

तरीही वाटच. आईने निकाल लावला होता: "मेलो असतलो, टाकून दी." गणपतीच्या गडबडीत टाकीकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि नेमकं तेव्हाच झालं. सकाळी आई दिव्याची वात करताना म्हणाली, "अरे, दुसरो खयसून इलो?" एक क्रेफिश रेतीत आडवा: मिशा, पाय, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा जागच्या जागी, पण आतून पोकळ. खरा पाईपमध्ये, फिकट, मऊ. उजवीकडे करंगळीच्या नखाएवढा, आरपार दिसणारा नवा डेंगा. मी आरती सोडून तो बघत बसलो, त्याबद्दल बोलणी खाल्ली. आता दर कातीला तो डेंगा वाढत जाईल. कात काढून फेकू नका, तो स्वतःच ती खातो आणि कॅल्शियम परत मिळवतो. या दिवसांत दुसरा क्रेफिश टाकीत असता तर मऊ धाकटा एका रात्रीत संपला असता.

झाकण घट्ट हवं. मोठा पंपाच्या नळीला धरून वर चढला होता, फ्रिजमागे सापडला. लपायला जागा जितके क्रेफिश त्यापेक्षा जास्त ठेवा. एकाच टाकीत दोघांच्या मध्ये जाळी लावणार असाल तर ती झाकणापर्यंत न्या.

परवा नळी घ्यायला त्याच दुकानात जावं लागलं, जवळपास दुसरं नाही. एका टाकीत सात-आठ निळे क्रेफिश, निम्म्यांना एकच डेंगा. भाव जोडीवरच लिहिलेला.