तुम्ही विचारलंत म्हणून: चष्म्यातलं भांडण

आर्वीकडच्या माझ्या गावी गेले, की पारावर कुणीतरी विचारतंच, "ताई, चष्म्यातलं भांडन खोटं, मंग त्यातला राग खरा कसा काय?"

माणसाची आक्रमकता व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांसमोर खोटं जग उभं करणारा चष्मा, लावून मोजणं हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्याचं मूळ आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आहे. शेजाऱ्यानं नांगराचं एक तास आमच्याकडं सरकवलं आणि मोठेबाबा, बैलावरही कधी हाकायची तुतारी न उगारलेला माणूस, काठी घेऊन धावले. आजी आडवी आली म्हणून निभावलं. आदल्या दिवशी त्यांना कागदावर विचारलं असतं, 'चिडल्यावर हात उचलता का?', तर 'नाही' म्हणाले असते. अगदी मनापासून.

आक्रमकता मोजायची अर्नोल्ड बस आणि मार्क पेरी या मानसशास्त्रज्ञांची १९९२ची प्रश्नावली २९ विधानांची आहे. उपयोगाची आहे, पण माणूस स्वतःबद्दल जे मानतो तेवढंच ती सांगते. १९९९मध्ये दुसरी रीत आली: समोरच्याला तिखट आवडत नाही हे ठाऊक असूनही त्याच्यासाठी किती तिखट सॉस काढता, त्याचं वजन करायचं. आमच्याकडे जास्त तिखट वाढणं हा पाहुणचार असतो; ती मोजणी इथं मला पटत नाही.

चष्म्यात प्रसंग समोर उभा राहतो. कुणीतरी अंगावर येतो, शिवी देतो. प्रत्येकासाठी तोच माणूस, तेच शब्द. तुम्ही किती जवळ सरकलात, आवाज कधी चढला, हात कुठं गेला, नाडी किती वाढली, सगळं नोंदलं जातं. आणि कुणाचं डोकं फुटत नाही. अंग खोट्यालाही खरं उत्तर देतं. २००६मध्ये व्हीआरचे संशोधक मेल स्लेटर यांनी लंडनमध्ये लोकांना संगणकातल्या बाईला विजेचे झटके द्यायला लावले. तो प्रयोग आज्ञापालनाचा होता, रागाचा नव्हे. पण ती बाई खरी नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी तिला पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या शरीरावर ताण दिसला.

तरीही चष्म्यात पुढे सरकलेला माणूस उद्या धुऱ्यावर काठी उचलेल, असं मी कुणाच्याही नावापुढं लिहीत नाही. चष्म्यात सोयाबीन पिवळं पडलेलं नसतं, सोसायटीचं कर्ज थकलेलं नसतं. मोठेबाबांचं त्या वर्षी दोन्ही झालं होतं.