बाटली झाकता कशासाठी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या मांडवात, स्टाफरूममध्ये, रंकाळ्यावर फिरताना, कुठंही विषय निघाला की हाच प्रश्न येतो: “मॅडम, वाइन प्यायची तर नाव बघून, चांगल्यातली आणून प्यावी. तुम्ही लोक बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिता म्हणे. त्यातनं कळतं तरी काय?”

कळतं ते इतकंच, की आपल्या स्वतःच्या जिभेला काय वाटलं. नाव दिसत असताना हेच कळणं फार अवघड असतं. बाटलीवर फ्रेंच नाव, तळाशी तीन हजारांची चिठ्ठी, आणि आणणारा पाहुणा नुकताच युरोपातून आलेला. मग पहिला घोट तोंडात जाण्याआधीच मत तयार झालेलं असतं. ते मत दुकानदाराचं असतं, नाहीतर त्या पाहुण्याच्या रुबाबाचं. मला वाइन मनापासून आवडते. जी गोष्ट एवढी आवडते, तिच्याबद्दल उसनं मत मला नको.

आमचा गट लहान आहे. दंतवैद्य असलेली एक मैत्रीण, चपलांचा पिढीजात धंदा असलेले एक काका, बँकेतून निवृत्त झालेलं एक जोडपं, तासगावकडचा एक द्राक्ष बागायतदार, त्याचा नुकतीच नोकरी लागलेला भाचा, आणि रसायनशास्त्र शिकवणारी मी. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी जमतो. वर्गणी काढतो. ज्याची पाळी तो बाटल्या आणतो, झाकतो, आकडे घालतो, आणि त्या दिवशी तो मत देत नाही. प्रत्येकाला एका वाइनचे ५० मिलीच्या आसपास मिळतात, त्यामुळे ७५० मिलीची बाटली आम्हाला पुरून उरते. शेजारी थुंकण्यासाठी स्टीलची भांडी असतात. नव्या माणसाला ते आधी विचित्र वाटतं, पण पाच-सहा वाइन नीट पारखायच्या तर डोकं ताळ्यावर लागतं. “बसायचं का?” म्हणून ठरणाऱ्या रात्री वेगळ्या, आमचं काम वेगळं. आणि २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कुणाला घेत नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी कायद्यानं तेवढं वय लागतंच.

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. त्या दिवशी अत्तर नाही, उदबत्ती नाही, मोगऱ्याचा गजरा नाही, तंबाखू नाही. शेजारच्या घरात फोडणी बसायच्या वेळेला त्या बाजूची खिडकी बंद. तोंड स्वच्छ करायला पाणी आणि साधे चुरमुरे. भडंग जेवणाच्या वेळी. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त कागदावर लिहायचं. आणि बोलायला सुरुवात वयानं सगळ्यात लहान असेल त्यानं करायची. हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं वडीलधारं माणूस आधी बोललं, की बाकीच्यांच्या माना आपोआप हलतात. “काका म्हणतात तर असेल.” भाच्यानं आधी बोलायचं ठरल्यापासून चर्चेत खरोखर वेगवेगळी मतं यायला लागली.

डोळे जिभेला किती दडपतात, याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली, आणि तीच पांढरी वाइन वास नसलेला लाल रंग घालून पुन्हा दिली. हे सगळे शिकलेले, सराव असलेले विद्यार्थी. तरी लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन त्यांनी लाल वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. हा निबंध २००१ साली प्रसिद्ध झाला. मी तो गटात वाचून दाखवला, आणि पुढच्याच बैठकीत आम्ही काचेचे ग्लास बाजूला ठेवून स्टीलचे पेले घेतले, दिवे मंद केले. एक पांढरी होती, शार्दोने द्राक्षाची, ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली, आणि एक हलकी लाल. दोन्ही सारख्याच गार.

नाकानं बहुतेकांना चकवलं. पिंपाचा व्हॅनिलासारखा वास पांढरीला आला, तर कुणी तिलाच लाल म्हटलं. प्रश्न सोडवला तो बँकेतल्या वहिनींनी. त्या वास घेण्यात अडकल्याच नाहीत. घोट तोंडात फिरवून थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “दुसऱ्या पेल्यात हिरड्या ओढल्या जातात. ही लाल.” बरोबर होतं. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून साली आणि बियांमधलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य तिच्यात उतरतं. पांढरीचा रस सालींपासून आधीच वेगळा केलेला असतो. तुरटपणा रंगासारखा झाकता येत नाही. आणि आवळा, कच्चं जांभूळ, सुपारी खाऊन वाढलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही.

गेल्या काही महिन्यांतली माझी सगळ्यात आवडती बैठक शिराझ या लाल वाइनची. नाशिकच्या दोन, कर्नाटकातली एक, ऑस्ट्रेलियाची एक. तिसऱ्या बाटलीवर दंतवैद्य बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘काळी मिरी’. भाच्यालाही तीच मिळाली. काकांना मात्र काहीच नाही. त्यांनी तीनदा ग्लास फिरवून वास घेतला आणि म्हणाले, “आवं, मिरं काय म्हायती न्हाई व्हय मला? ह्यात न्हाई.” स्वयंपाकघरातून खलबत्त्यात कुटलेली मिरी आणून दिली. तिचा वास त्यांना चोख आला. मग ग्लासात का नाही?

दोघंही खरे होते. शिराझमधला मिरीचा वास रोटन्डोन नावाच्या एका द्रव्यामुळे येतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते शिराझच्या द्राक्षात शोधलं. काळ्या मिरीतही तेच असतं. त्याच संशोधनात दिसलं, की साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, प्रमाण बरंच वाढवलं तरी. खऱ्या मिरीत आणखीही बरीच सुगंधी द्रव्यं असतात, म्हणून काकांना मिरी ओळखू येते; वाइनमध्ये एकटं रोटन्डोन असतं आणि तिथं त्यांच्या नाकाला काही पोचत नाही. मी हे समजावून सांगितलं तेव्हा काकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्या दिवसापासून आमच्यात ‘तुला कळत नाही’ हे वाक्य बंद झालं. समोरच्याचं नाक वेगळं असू शकतं हे एकदा पटलं, की माणूस जास्त नीट ऐकतो.

आणि त्याच काकांनी पुढच्या खेपेला सगळ्यांना मागं टाकलं. एका जुन्या लाल वाइनचा ग्लास नाकाशी नेताच म्हणाले, “चामडं. नवं न्हवं, कमावलेलं, तेल दिलेलं.” ब्रेटानोमायसिस नावाचं एक यीस्ट वाइनमध्ये वाढलं तर असा वास येतो; काही जाणकार त्याला दोष मानतात, काहींना थोडा असलेला आवडतो. मला स्वतःला थोडा आवडतो. काकांना नाव माहीत नव्हतं, पण त्यांच्याइतकी त्या वासाची पारख आमच्यात कुणाला असणार? बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याच्या वासात त्यांचं बालपण गेलंय. दंतवैद्य बाईंचंही तसंच. ओकच्या पिंपात मुरलेली वाइन त्या पटकन पकडतात, कारण ओकमधून युजेनॉल उतरतं, आणि लवंगेच्या तेलातला मुख्य घटक तोच. रोज दवाखान्यात जो वास घ्यायचा, तो ग्लासात भेटतो.

परदेशी पुस्तकांतले गूझबेरी आणि ब्लॅककरंट आमच्यापैकी कुणी झुडपावर पाहिलेले नाहीत. ते पाठ करून लिहायचे नाहीत असं आम्ही ठरवलंय. त्याऐवजी कागदांवर करवंद असतं, काकवी असते, पेरूची साल असते, ढोबळी मिरची असते. ढोबळी मिरची तर शास्त्रालाही धरून आहे: कॅबर्ने आणि सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षांच्या वाइनमध्ये येणारा तो हिरवा वास पायराझिन्स नावाच्या द्रव्यांचा, आणि ढोबळी मिरचीतही तीच असतात. अति सूक्ष्म प्रमाणात असली तरी नाकाला सापडतात. उन्हाळी, पूर्ण पिकलेल्या द्राक्षात ती कमी होतात. म्हणजे त्या एका वासावरून काढणी लवकर झाली की उशिरा, याचा अंदाज बांधता येतो.

काढणीचं म्हणाल तर आमचा बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, मग थंडीत पिकणारा माल, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. त्याची बाग खायच्या द्राक्षांची, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची आणि बियांची. तरी शेनिन ब्लाँ द्राक्षाच्या एका पांढऱ्या वाइनवर तो चटकन म्हणाला, “गोडी हाय, पण आंबट आधीच पळालंय. चार दिवस आधी तोडाय पायजे हुतं.” आपल्याकडच्या उन्हात साखर भराभर वाढते आणि आम्ल तितक्याच वेगानं घटतं, विशेषतः मॅलिक आम्ल. म्हणून तोडणीचा दिवस नेमका साधावा लागतो. झाकलेल्या बाटलीतून हा माणूस शेत बघतो. मला त्याचं हे बोलणं कोणत्याही गुणांकनापेक्षा मोलाचं वाटतं.

महागाची बाटली चांगली असणारच ना, हा तुमचा प्रश्नही रास्त आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्यानं फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रान्सच्या नामवंत वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव झाकून ठेवल्या होत्या. पांढऱ्यांत शातो माँटेलेना पहिली आली, लालमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ च्या, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. नावं दिसत असती तर ते परीक्षक असा निकाल देऊ शकले असते असं मला वाटत नाही.

आपल्याकडं तर किंमत आणखी दिशाभूल करते. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं, वर राज्याचे कर. म्हणजे दुकानात महाग दिसणारी इटालियन बाटली तिच्या गावी रोजच्या जेवणाची असू शकते. हे मनात ठेवून आम्ही साधारण एकाच किमतीच्या, सांजोव्हेजे या इटालियन लाल द्राक्षाच्या दोन वाइन समोरासमोर ठेवल्या: सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळच्या फ्रातेल्लीच्या बागांतली एक, आणि टस्कनीची कियांती. मतं जवळपास निम्मी-निम्मी झाली. बँकेतले साहेब इटालियन वाइनचे जुने भक्त. त्यांनी अकलूजच्या बाटलीला वरचा क्रमांक दिला, आणि कागद उघडल्यावर त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. माझं मत उलट पडलं. कियांतीचं आम्ल जास्त सरळ, घोट गिळल्यावर जास्त वेळ रेंगाळणारं. अकलूजचीत फळ जास्त पिकलेलं, आणि ती जरा गार करून प्यायली तर फार छान लागते. आपल्या इथलीच वाइन जिंकावी असं मला वाटत होतं, आणि तरी मी दुसरीला गुण दिले. बाटली झाकलेली होती म्हणूनच ते जमलं.

एक बाटली मात्र सगळ्यांनी एकमतानं बाद केली. शिजवलेल्या मनुकांचा वास, फळ मेलेलं. उघडलं तर चांगलं नाव निघालं. तीच वाइन दुसरीकडून आणली तर उत्तम. पहिली बाटली नक्की कुठंतरी उन्हात राहिली असणार. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यात काचेच्या कपाटात, उजेडात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका, मग नाव कितीही मोठं असो.

तांबड्या रश्शाबरोबर कुठली, हेही विचारता. खरं सांगायचं तर टॅनिनवाली तगडी लाल नकोच. तिखटाची आग अल्कोहोलनं आणि तुरटपणानं वाढते. किंचित गोडसर, गार शेनिन चालते. पांढऱ्या रश्शाला मात्र वाइनचा चांगला शेजार मिळतो. खसखस, काजू, नारळाचं दूध आणि हाडांचं सत्त्व, त्याबरोबर पिंपातली शार्दोने. हे जेवण आम्ही प्रत्येक थंडीत एकदा करतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर पाच-सहा बाटल्यांची गरज नाही. सारख्या रंगाच्या दोनच बाटल्या घ्या, तीन ग्लास घ्या. दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि ओतणारा वेगळा, खोलीबाहेर. तुमचं काम एवढंच, वेगळा ग्लास कुठला ते सांगायचं. नुसत्या अंदाजानंही तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा जमलं की थांबू नका, ग्लास बदलून पुन्हा करा. सलग चार-पाच वेळा सापडला तर मला फोन करा. पुढच्या महिन्यात नाशिक, फ्रान्समधलं लवार आणि दक्षिण आफ्रिका अशा तीन ठिकाणच्या शेनिन ब्लाँ आहेत आणि एक खुर्ची मोकळी आहे. फक्त अत्तर लावून येऊ नका.