मेयोमधली पायी वारी: बॅलिनटबर ते क्रो पॅट्रिक

माझी आजी आळंदीहून पायी वारीला जायची. तिचा एकच नियम होता, पाय दुखू देत, पाऊस लागू देत, 'दमले गं बाई' म्हणायचं नाही, विठ्ठल विठ्ठल म्हणायचं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, मी आता डब्लिनला असते, आणि गेल्या ऑगस्टमध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत तोच नियम परत कानावर पडला तेव्हा अंगावर काटाच आला.

तिथे बॅलिनटबर ॲबी म्हणून १२१६ सालचा मठ आहे. तिथून क्रो पॅट्रिक डोंगरापर्यंत साधारण ३५ किलोमीटरची जुनी तीर्थवाट जाते, तिला तोखर फॉड्रिग म्हणतात. संत पॅट्रिकने त्या डोंगरावर ४० दिवस उपास केला अशी श्रद्धा आहे, पण वाट त्याच्याही आधीची, कॉनॉट या पश्चिमेकडच्या प्रांताच्या राजांची जुनी राजधानी क्रुआखन, तिथून येणारा रथांचा रस्ता होता म्हणतात. निघायच्या आधी मठात नाव नोंदवायचं, मेणबत्ती लावायची, आणि मग सांगतात की वाटेत तक्रार करायची नाही, चिखलात पाय रुतला तरी 'थँक्स बी टू गॉड' म्हणायचं. बस, मला आजीच दिसली समोर.

या मठाबद्दल मला फार वाटतं. १६५३ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैनिकांनी तो जाळला, छप्पर गेलं, पण लोक यायचे थांबले नाहीत, पिढ्यानपिढ्या उघड्यावर, भर पावसात गुडघे टेकून प्रार्थना चालू राहिली आणि छप्पर परत पुरं झालं ते थेट १९६६ ला!

आम्ही दोन दिवसांत चाललो. वाट लोकांच्या शेतातनं जाते, कुंपणं ओलांडायला लाकडी पायऱ्या, काळ्या तोंडाच्या मेंढ्या, कडेला फुशियाची लालभडक झुडपं, मध्येच दलदल जिथे बूट घोट्यापर्यंत आत जातो (थँक्स बी टू गॉड). टाळ नाही मृदंग नाही, तासन् तास माणूस दिसत नाही, पहिल्यांदा ती शांतता मला जडच गेली. मधेमधे नुसत्या भिंती उरलेली घरं दिसतात. १८४५ नंतरच्या दुष्काळात मेयोची अतोनात माणसं मेली नाहीतर बोटीत बसून गेली, हे वाचलेलं होतं, पण पडक्या चुलीसमोर उभं राहिल्यावर आम्ही कोणीच बोललो नाही.

ऑघागॉवर गावातला गोल मनोरा मागे टाकला की पुढे बोहेचा दगड लागतो, प्राचीन काळी कोरलेल्या वर्तुळांनी भरलेला. १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टला तिथून बघितलं तर मावळता सूर्य डोंगराच्या उतारावरून घरंगळत खाली आल्यासारखा दिसतो! आमची तारीख चुकली, पण नुसती कल्पना करूनसुद्धा मी किती वेळ तिथेच उभी होते.

डोंगर ७६४ मीटरचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काहीजण अनवाणी. शेवटच्या चढाआधी दगडांची एक रास आहे, तिला सात फेऱ्या घालतात आणि त्या उजवीकडून, आपल्या प्रदक्षिणेसारख्याच. मीही घातल्या, ओठांवर विठ्ठलच होता, आणि शेजारी एक आजोबा त्यांची प्रार्थना पुटपुटत होते, आम्ही दोघं एकाच चालीने फिरत होतो. माथ्यावर १९०५ चं छोटं चॅपल आहे, पण सगळं ढगात, काही दिसलं नाही. उतरताना खाली क्लू बे आणि त्यातली असंख्य बेटं उघडी झाली.

दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला परत बॅलिनटबरला गेलो. तिथे पूर्वी परतलेल्या यात्रेकरूंचे पाय धुवायची जागा होती, दगड तापवून पाणी गरम करायचे. मी बूट काढले आणि तिथे बराच वेळ बसून राहिले.