तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सिनेमात मला कोण दिसतं

"तुम्ही घणसोलीचे आगरी, जमीन गेलेले. 'डिस्ट्रिक्ट नाइन' या परग्रहवाल्यांच्या सिनेमात तुम्हाला आपलंच गाव दिसत असेल ना?" दर खेपेला हाच प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, मी फक्त मान डोलवायची.

दिसतं हो. १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई शहरासाठी घेतल्या, १९८४ला जमिनीच्या आंदोलनात जासई-दास्तानला पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, हे तुम्हाला मी काय सांगू!

'डिस्ट्रिक्ट नाइन' २००९चा. जोहान्सबर्गच्या डोक्यावर यान येऊन अडकतं, आतले जीव झोपडपट्टीत कोंबले जातात, मग तिथूनही त्यांना शहराबाहेर हलवायचं ठरतं. त्यामागे केपटाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स आहे: १९६६ साली तो भाग फक्त गोऱ्यांचा ठरवला आणि पुढे साठेक हजार माणसं तिथून उठवली. सिनेमातले लोक परग्रहवाल्यांना 'प्रॉन' म्हणतात. कोलंबी! आमच्याकडे ती पाव्हण्याच्या ताटात पडते, तिथे शिवी. हे सांगितलं की टाळ्या पडायच्या. "त्या कोलंब्या म्हणजे आम्ही," असंही मी ठोकून द्यायचो.

खरं म्हणजे त्यातला विकस, परग्रहवाल्यांना हलवायला नेमलेला कंपनीचा माणूस, बघताना माझ्या पोटात गोळा येतो. हातात फळी, फळीला कागद, दारोदार जाऊन नोटिशीवर सह्या घेणारा.

मी तेच केलंय. वय वीस, रोजंदारी, एका कंत्राटदाराकडे. तुर्भ्याच्या बाजूची एक वस्ती. माझ्या एका हातात गेरूचा डबा, झोपड्यांवर नंबर टाकायला. दुसऱ्या हातात कागद आणि शाईचं पॅड. एका दारात बाई भाकऱ्या थापत होती. बोलण्यावरून मराठवाड्याकडची. "दादा, काय लिवलंय?" मी म्हणालो, "सर्वे आहे, मावशी." सर्वे नव्हता, जागा खाली करायची नोटीस होती. तिच्या अंगठ्याला ओलं पीठ, शाई धरेना. तिने पदराला पुसला, तरी नखाच्या कडेला पीठ राहिलंच. मागून मुकादम ओरडला, "उरक, जेवायचंय." मग मीच तिचा अंगठा धरला आणि कागदावर दाबला. शाईत पांढरा ठिपका उमटला. "नाव नीट लिवा," एवढंच ती म्हणाली.

आजोबांच्या जमिनीच्या कागदावरही अंगठाच आहे. तो कुणी धरला होता, हे घरात अजून सांगतात.

मित्र म्हणतो, तू पोटासाठी केलंस. विकसही नोकरच होता की. आणि सिनेमाचा तरी काय भरवसा? परक्यांच्या द्वेषावर बोट ठेवणाऱ्या त्याच सिनेमात नायजेरियन म्हणजे गुंड आणि परग्रहवाल्यांचं मांस खाणारे. नायजेरियाचं सरकार भडकलं होतं, बरोबरच होतं. आमची आईसुद्धा चाळीतल्या भाडेकरूंना 'भायेरची' म्हणते, भाडं मात्र पाच तारखेला मोजून घेते. मी तिला टोकत नाही.

मी खरं सांगितलं असतं तरी झोपडी पडलीच असती, असं स्वतःला कितीदा समजावलंय. पडली का, तेही मला माहीत नाही. त्या गल्लीत मी पुन्हा गेलोच नाही. तुर्भे स्टेशनवरून तर रोज जातो.