इजिप्त: लाल समुद्राजवळचा सेंट अँथनीचा मठ आणि वरची गुहा

इजिप्तला जाणारे आपले लोक पिरॅमिड, लक्झर आणि हुरगडा करून परत येतात. त्याच हुरगडाच्या रस्त्यावर झाफराना नावाचं गाव लागतं, तिथून आत वळलं की जगातल्या सगळ्यात जुन्या ख्रिस्ती मठांपैकी एक आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आम्ही कैरोहून गाडी करून गेलो, म्हणून पुढच्यांसाठी लिहून ठेवतेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण घरी फोटो पाठवले तेव्हा वसईच्या मैत्रिणीनेही ‘हे आपल्याकडचेच सेंट अँथनी का?’ असं विचारलं. आपल्याकडे वसईत, गोव्यात बाळ येशूला हातात घेतलेले जे सेंट अँथनी दिसतात ते पदुआचे, बाराव्या-तेराव्या शतकातले. हे त्यांच्या हजारेक वर्षं आधीचे इजिप्तचे अँथनी, आणि पदुआवाल्यांनी फ्रान्सिस्कन संघात साधू झाल्यावर नाव घेतलं ते यांचंच.

तर हे अँथनी साधारण 251 साली नाईलकाठच्या खात्यापित्या शेतकरी घरात जन्मले. अठरा-वीस वर्षांचे असताना आईबाप गेले, मग एके दिवशी चर्चमध्ये ‘तुझं आहे ते विकून गरिबांना दे’ हे वचन ऐकलं आणि खरंच जमीन गाववाल्यांना देऊन टाकली, धाकट्या बहिणीची सोय लावली आणि निघाले. आधी गावाबाहेर, मग एका थडग्यात, मग नाईलच्या पूर्वेला एका पडक्या किल्ल्यात दार लावून वीस वर्षं. सैतानाने छळल्याच्या ज्या गोष्टी युरोपातल्या चित्रकारांनी रंगवून रंगवून सांगितल्या त्या याच काळातल्या. पण मला त्यापेक्षा नंतरचं जास्त इंटरेस्टिंग वाटतं, लोकांनी शेवटी किल्ल्याचं दार तोडलं आणि हा माणूस बाहेर आला तर एकदम ठणठणीत, मग शिष्य जमले, गर्दी वाढली, म्हणून हे अरबांच्या काफिल्याबरोबर तीन दिवस-तीन रात्री चालत या डोंगरापाशी आले. इथे झरा होता, थोडी खजुराची झाडं होती. तर लोक इथेही आले! म्हणून आलेल्यांना खायला घालता यावं म्हणून म्हाताऱ्याने भाजी लावली. एकांतासाठी आयुष्यभर पळत राहिलेला माणूस, आणि त्याच्या पळण्यातूनच मठ नावाची गोष्ट उभी राहिली. 356 साली गेले, वय 105 सांगतात, आणि मला कुठे पुरलं ते कुणाला सांगू नका असं शिष्यांना बजावून गेले. अलेक्झांड्रियाच्या बिशप अथानासियसनी त्यांचं चरित्र लिहिलं, ते लॅटिनमध्ये युरोपात पोचलं, आणि पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत झालेला ऑगस्टीनसारखा माणूस त्यांची गोष्ट ऐकून हलला.

आता कामाचं. शुक्रवारी अजिबात जाऊ नका, तिकडे सुट्टी असते आणि कॉप्टिक (म्हणजे इजिप्तची ख्रिस्ती) कुटुंबं बसेस भरभरून येतात, पोरंटोरं, डबे, सगळं. अँथनींना काय वाटलं असेल ते तेव्हा कळेल. मधल्या वारी जा. कैरोहून ऐन सुखना, मग समुद्राच्या कडेने झाफराना (पवनचक्क्यांची रांग दिसली की आलं समजा), तिथून बेनी सुएफच्या दिशेला वळायचं. हुरगडाची बस झाफरानाला सोडेल पण पुढे वाळवंटात काही मिळेल या भरवशावर राहू नका, गाडी ठरवूनच जा. ड्रायव्हरला ‘देर अंबा अंतोनियस’ म्हणा. पासपोर्ट हाताशी ठेवा, वाटेत पोलीस चौक्या आहेत. आणि ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या काळात मठ पाहुण्यांना बंद असू शकतो, आधी चौकशी करा.

आत उंच तटबंदी, त्यात चर्चेस, बाग, झरा. पूर्वी दरवाजाच वापरत नसत, माणसं आणि सामान दोराने वर ओढून घ्यायचे, तो रहाट अजून दाखवतात. पंधराव्या शतकात बेदुइनांनी (वाळवंटातले भटके अरब) मठ लुटून साधूंना मारलं होतं, त्यामुळे एवढी भीती उगाच नाही. साधूंना ‘अबूना’ म्हणायचं, कोणी ना कोणी इंग्लिश बोलणारे भेटतात आणि फिरवून दाखवतात. त्यांच्या काळ्या टोपीला मधोमध शिवण असते, सैतानाने अँथनींची टोपी ओढून फाडली आणि त्यांनी ती शिवून परत घातली अशी गोष्ट आहे.

जुन्या चर्चमधली भित्तिचित्रं मात्र निवांत बघा. थिओडोर नावाच्या चित्रकाराने 1232-33 च्या सुमारास केलेली, घोड्यावरचे संत वगैरे. काजळीने पार काळी पडली होती, 1990 च्या दशकात इटालियन लोकांनी साफ केली आणि रंग असे बाहेर आले की बास. फ्लॅश मारू नका, बूट बाहेर काढा, खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

मग अँथनी जिथे राहिले असं सांगतात ती गुहा. मठापासून जवळजवळ 300 मीटर वर, हजाराच्या वर पायऱ्या, आणि सावली शून्य. ज्यांनी सिंहगड पायी केलाय त्यांना काही नाही, पण उन्हाळ्यात दहाच्या पुढे चढूच नका. पाणी भरपूर घ्या. गुहेचं तोंड इतकं अरुंद की आडवं होऊन सरकावं लागतं, सॅक बाहेरच ठेवा, बंद जागेची भीती असेल तर बाहेरच्या गच्चीवर बसा. तिथून लाल समुद्राकडचं वाळवंट दिसतं, तेही वसूल आहे. आत छोटी खोली, प्रार्थनेच्या चिठ्ठ्या कोंबलेल्या.

शाकाहारींची चिंता नको. कॉप्टिक लोक वर्षातले दोनशेच्या वर दिवस उपास धरतात, त्यात मांस, दूध, अंडं काहीच नाही, त्यामुळे ‘सियामी’ मागितलं की फूल (शिजवलेले बाकला दाणे), तामिया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे) बिनधास्त खाता येतं.

वेळ असेल तर डोंगराच्या पलीकडे सेंट पॉलचा मठही करा, ‘देर अंबा बोला’. हे पॉल अँथनींच्याही आधीचे एकांतवासी. कावळा रोज अर्धी भाकर आणायचा, अँथनी भेटायला आले त्या दिवशी अख्खी आणली, आणि पॉल गेले तेव्हा दोन सिंहांनी खड्डा खणला, अशी गोष्ट सांगतात. डोंगर एकच असला तरी रस्त्याने झाफरानाला परत येऊन वळसा घालावा लागतो, म्हणून सकाळी लवकर अँथनी आणि दुपारी पॉल असा क्रम ठेवा. अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा, किनाऱ्याच्या रस्त्यावर रात्री ट्रक फार असतात.