चार हात, चोवीस मूर्ती

प्रकरणाचं नाव होतं ‘अंकपाश’. मी त्याला लाल पेनाने गोल करून समासात लिहिलं, ‘म्हणजे क्रमचय, समचय की दोन्ही?’ आणि पानं लेखकाकडे पाठवून दिली.

पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेत मी गणिताच्या मराठी पुस्तकांचं संपादन करते. हे अकरावी-बारावीच्या मुलांसाठीचं पूरक पुस्तक, लेखक निवृत्त शिक्षक. सर फोनवर उत्तर देतील असं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी भर पावसात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोन जुनी पुस्तकं घेऊन ते स्वतःच आमचा लाकडी जिना चढून आले.

माझी शंका उगाच नव्हती. क्रमचयात क्रम मोजायचा, समचयात नाही, एवढा भेद मुलांच्या मनात पक्का बसायला हवा. पाच जणांतून तिघांची समिती १० प्रकारे निवडता येते. त्याच पाचांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार नेमायचे म्हटलं तर ६० प्रकार होतात. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर सूत्रं पाठ असूनही मूल चुकतं. असे पेपर मी पुष्कळ पाहिलेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण चूक मुलाची नसते, शब्दाची असते.

सरांनी आधी ‘लीलावती’ उघडली. पुण्यातल्याच आनंदाश्रम संस्थेने १९३७ साली छापलेली प्रत, म्हणजे आमच्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा ठिकाणची. भास्कराचार्यांच्या या ११५० सालच्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण अंकपाश. अंकांचा पाश, अंकांचं एकमेकांत गुंतणं. ३, ९ आणि ८ या अंकांपासून संख्या किती आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? संख्या सहा, बेरीज ४४४०. तिथे सगळा खेळ जागांच्या अदलाबदलीचा. सहा रसांपासून व्यंजनं किती होतील, हा समचयाचा प्रश्नही ग्रंथात आहे, पण पुष्कळ आधी, वेगळ्या प्रकरणात. एकेका रसाची ६, दोन-दोन रसांची १५, तीन-तीन रसांची २०, असं करत एकूण ६३.

“म्हणजे अंकपाश हा क्रमचयच झाला ना, सर?” मी म्हटलं.

“थांबा ताई, तुमची दुसरी शंका आधी घेऊ.”

दुसरी शंका एका श्लोकाबद्दल होती. दहा हातांच्या शंकराची दहा आयुधं हातांत अदलून-बदलून दिली, तर मूर्तींचे भेद किती? आणि तसेच हरीचे? हरीच्या आयुधांसाठी मुळात शब्द आहे ‘गदारिसरोजशंख’. गदा, सरोज म्हणजे कमळ, शंख. मधल्या ‘अरि’खाली मी रेघ मारून लिहिलं होतं, ‘शत्रू हातात कसा?’

सरांनी रेघेवर बोट ठेवलं. “बैलगाडीच्या चाकाला काय असतात?”

“आरे.”

“ते ज्याला असतात ते अरि. चक्र.”

मला खरंच गलबलून आलं. आरा हा शब्द मी आजोळी शंभरदा ऐकलाय.

मग सर म्हणाले, विष्णूला चार हात आहेत, आपण दोघं जण उभे राहू. आमचे मांडणीकार दादा आणि मी पाठीला पाठ लावून उभे राहिलो. कात्री, पट्टी, गोंदाची बाटली आणि चहाचा रिकामा ग्लास आमच्या हातांत आले. कात्री माझ्या उजव्या हातात धरून ठेवायची आणि उरलेल्या तीन वस्तू फिरवायच्या, तर सहा प्रकार. कात्री चार हातांत जाऊ शकते, म्हणून चार वेळा सहा. सरांनी कागदावर चोवीसच्या चोवीस लिहून काढायला लावले. वस्तू सगळा वेळ त्याच चार होत्या. समचय म्हणून पाहिलं तर एकच, क्रमचय म्हणून २४. श्लोकातला शब्द ‘अन्योन्यहस्तकलित’ असा आहे, या हातातलं त्या हातात. मुलांना क्रमचयाचा अर्थ सांगायला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. तो मी प्रकरणाच्या पहिल्या पानावर घेतला.

आता उरलं नाव. सरांनी दुसरं पुस्तक पुढे केलं, नारायण पंडितांची ‘गणितकौमुदी’, १३५६ सालची. तिच्यातही अंकपाश नावाचं प्रकरण आहे, पण खूप मोठं, आणि त्यात क्रमचयाबरोबर समचयही येतात. दोनशे वर्षांत शब्दाने पाय पसरले होते. भास्कराचार्यांच्या हिशेबाने माझी शंका रास्त होती, नारायण पंडितांच्या हिशेबाने सरांचं शीर्षक. तेव्हा शीर्षक ठेवलं. आत मात्र क्रमचय तिथे क्रमचय, समचय तिथे समचय, कुठेही सरमिसळ नाही. त्या संध्याकाळी मी ४७ जागा तपासल्या. दोन ठिकाणी शब्द बदलावा लागला.

निघता निघता बाबांना फोन केला. ते संध्या करताना केशव, नारायण, माधव अशी नावं घेतात, ती लहानपणापासून ऐकतेय. “बाबा, ती नावं चोवीस आहेत ना?” ते म्हणाले, “चोवीसच.” त्या नावांच्या विष्णुमूर्ती ओळखायच्या त्या शंख, चक्र, गदा, कमळ याच चार वस्तूंच्या क्रमावरून, हे मी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

“आणि दहा हातांच्या शंकराच्या किती म्हणालीस?”

“३६,२८,८००. सेकंदाला एक मूर्ती बदलत बसलं, रात्रंदिवस, तर बरोबर ४२ दिवस.”

“लिहून पाठव,” बाबा म्हणाले. “अक्षरातसुद्धा लिही.”